संघ कोणाचा?

धंदेवाईक क्रीडासंघांचा इतिहास हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे अद्याप बाल्यावस्थेंत आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि चकचकीत चित्रमय पुस्तकांतून त्या नांवाखालीं जें छापलें जातें, त्यांत सामन्यांच्या तारखा, धावांचे आंकडे, लिलावांतील बोली आणि मालकांचीं छायाचित्रें यांपलीकडे सहसा कांहीं आढळत नाहीं. हे आंकडे खोटे असतात असें नाहीं; परंतु बखरकारानें लढायांची यादी द्यावी आणि राज्य कोणाचें होतें हें सांगावयास विसरावें, तशी ही गत आहे. संघाचा इतिहास लिहूं इच्छिणारानें प्रथम एका प्रश्नाचें उत्तर दिलें पाहिजे: हा संघ कोणाचा?

हा प्रश्न किती फलदायी ठरूं शकतो, याचें उदाहरण दूरच्या कोरियांत सांपडतें. दक्षिण कोरियांत धंदेवाईक बेसबॉलची स्पर्धा १९८२ सालीं सहा संघांनिशीं सुरू झाली. प्रत्येक संघ एकेका कंपनीच्या मालकीचा आणि तिचेंच नांव मिरविणारा. इंचिऑन या बंदराच्या शहरास ‘सामी सुपरस्टार्स’ हा संघ लाभला. पहिल्या वर्षीं त्यानें ८० पैकीं अवघे १५ सामने जिंकले. १९८५ सालीं मालकानें तो विकून टाकला. पुढें एकामागून एक असे आणखी तीन मालक व तितकींच नवीं नांवें त्यानें पाहिलीं. तो इंचिऑन सोडून सुवॉनला गेला, आणि २००८ सालीं विसर्जित झाला. कोष्टकें मांडणाऱ्याच्या दृष्टीनें ही निव्वळ नामुष्कीची नोंद. परंतु पार्क मिन-ग्यू या लेखकानें २००३ सालीं या संघाच्या अखेरच्या चाहत्यांवर एक कादंबरीच लिहिली, आणि सतत हरणाऱ्या संघावर जीव लावणाऱ्या पोराच्या निमित्तानें एका पिढीची यशाच्या मागें होणारी फरफट वाचकांपुढें उभी केली. मालकांनीं संघ विकला. त्याचा इतिहास मात्र चाहत्यांपाशींच राहिला.

आतां आपल्या घराकडे वळूं. इंडियन प्रीमियर लीग या क्रिकेटस्पर्धेंत पुण्याच्या नांवाचे दोन संघ होऊन गेले. पहिला ‘पुणे वॉरियर्स’, सहारा समूहाच्या मालकीचा. २०११ पासून २०१३ पर्यंत तो खेळला. पहिल्या वर्षीं या पुणेकर संघाचें घरचें मैदान नवी मुंबईंत होतें, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. दुसरा ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’. चेन्नई व राजस्थान येथील संघ निलंबित झाल्यामुळें दोन वर्षांच्या बोलीवर तो कलकत्त्याच्या गोएंका समूहानें घेतला. आमच्या नगर जिल्ह्यास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, या संघाविषयीं आपलेपणा वाटावा असें एक कारणही होतें: संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथें जन्मलेला अजिंक्य रहाणे दोन्ही वर्षें त्यांतून खेळला.

त्याच वर्षीं, २०१६ च्या उन्हाळ्यांत, महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ होता. एप्रिलमध्यें लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. अशा समयीं खेळपट्टीवर पाणी शिंपडावें काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढें गेला. नियामक मंडळानें शुद्ध केलेलें सांडपाणी वापरण्याची तयारी दाखविली. तरीही न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. पुण्याच्या संघानें आपलें घर आंध्रांतील विशाखापट्टणम येथें मांडलें. सामने हलविल्यानें तहानलेल्यांच्या घशांत पाण्याचा थेंबही पडला नाहीं, असा आक्षेप तेव्हां घेतला गेला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें निराळेंच. घराण्याचें नांव सांगणारा पुरुष दुष्काळांत गांव सोडतो तेव्हां त्याचा पाय उंबऱ्याशीं अडखळतो. या संघाचा अडखळला नाहीं. अडखळण्यास तेथें उंबराच नव्हता.

२०१७ सालीं नांवांतील अनेकवचन गळून तो ‘सुपरजायंट’ झाला, कर्णधारपद धोनीकडून स्मिथकडे गेलें, आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यांत मुंबईच्या १२९ धावांचा पाठलाग करतां करतां पुणें १२८ वर थांबलें. रहाणेच्या ४४ धावा त्यांत होत्या. एका धावेनें हुकलेलें विजेतेपद हें कोणत्याही गांवाला पिढ्यान्‌पिढ्या पुरणारें दुःख. पण तें उगाळावयास दुसरें वर्षच उरलें नाहीं. मुदत संपली आणि संघ संपला. २०२२ सालीं त्याच समूहाचा नवा संघ लखनौस उभा राहिला तो ‘सुपर जायंट्स’ हें नांव घेऊन. नांव मालकाबरोबर गेलें. पुणें मागें राहिलें.

दोन वर्षांच्या संघाला इतिहास कसला, असें कोणी विचारील. सामीच्या संघाचें आयुष्य तरी कितीसें होतें? शिवाय मराठी लेखकास परदेशींचा दाखला शोधीत जाण्याचेंही कारण नाहीं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांत जन्मून १९२३ सालीं हिंदूंच्या संघाचे कर्णधार झालेले पालवणकर विठ्ठल यांचें ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र १९४८ सालींच मराठींत आलें. ज्यांचे थोरले बंधु बाळू अद्वितीय गोलंदाज असूनही त्या पदावर कधीं नेमले गेले नाहींत, त्यांच्या आयुष्यांत ‘संघ कोणाचा’ हा प्रश्न धावफलकाहून मोठा होता.

तेव्हां पुण्याच्या या संघाचा इतिहास लिहावयास जो कोणी बसेल, त्यानें धावफलक अवश्य द्यावा. पण गहुंज्याच्या मैदानावर तिकीट काढून गेलेल्या माणसापासून आरंभ करावा, आणि टँकरच्या रांगेंत घागर घेऊन उभें राहून सामन्याचा निकाल विचारणाऱ्या मुलालाही त्यांत जागा द्यावी. मालकाचें नांव तळटीपेंत आलें तरी चालेल.