बर्नआउटची ‘दहा लक्षणं’: यादी नेमकं काय मोजते?

गेल्या आठवड्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने मला एक फोटो पाठवला. ‘बर्नआउटची सुरुवातीची १० लक्षणं’. सतत थकवा, झोप न लागणं, चिडचिड, डोकेदुखी, लक्ष न लागणं वगैरे. दहापैकी आठांवर तिने टिक केली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘ताई, आत्ताच हे हाल, मग पीएचडीचा फॉर्म भरू की नको?’

एका यादीवरून कुणी संशोधनाचा विचारच सोडून देणार असेल, तर ती यादी नीट तपासायला हवी. आपण एखादा पेपर जसा वाचतो, तशीच वाचू.

पहिला प्रश्न: ही यादी नेमकं काय मोजते? परीक्षा पंधरा दिवसांवर आली की जागरणं आणि मेसचं जेवण यांच्या जोरावर हॉस्टेलमधली निम्मी मुलं यातल्या पाच-सहा टिका सहज मिळवतील. हिमोग्लोबिन कमी असलं तरी थकवा येतो, थायरॉइडचा त्रास असला तरी येतो. म्हणजे ही यादी बर्नआउटला इतर गोष्टींपासून वेगळं काढूच शकत नाही. यालाच आपण मोजमापाच्या वैधतेचा प्रश्न म्हणतो.

दुसरा प्रश्न: मूळ संकल्पना काय होती? १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या मंडळींबद्दल एक लेख लिहिला. ते स्वतः न्यूयॉर्कमधल्या अशा दवाखान्यात काम करत होते. थकवा, डोकेदुखी त्यांनीही नोंदवली आहे. पण त्याच्या जोडीने त्यांना आणखी काही दिसलं: माणूस कामावर जास्त जास्त तास घालवतो, हातून मात्र कमी कमी होतं, आणि कामाबद्दलचं बोलणं कडवट होत जातं. पुढे १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होतंय ही जाणीव. विद्यार्थ्यांसमोर रुग्ण किंवा अशील नसतात, म्हणून २००२ मध्ये विल्मार शॉफेली आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी जी आवृत्ती वापरली, तिच्यात कोरडेपणाच्या जागी अभ्यासाबद्दलची तुच्छता आली.

आता यादीकडे परत या. तिने तीनपैकी एकच भाग उचललाय, थकवा. आपल्या भाषेत थकवा आणि उबग हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि फरक खरा आहे. थकलेला माणूस दोन दिवस झोपला की पुन्हा कामाला बसतो. उबग आलेल्याला सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो.

हे मी स्वतःवरून सांगतेय. माझ्या तिसऱ्या वर्षात ही यादी कुणी दिली असती तर माझ्या दोनच टिका पडल्या असत्या. झोप ठीक, जेवण ठीक, रोज आठ-नऊ तास टेबलाशी. पण दीड महिना मी आशा सेविकांच्या मुलाखतींची फाईल उघडलीच नव्हती. संदर्भसूची नीटनेटकी करणं, फोल्डरची नावं बदलणं, तक्त्यांना रंग देणं एवढंच चालू होतं. आधी मी रूममेटला जेवताना या बायकांच्या हकिगती सांगायचे, ती हात वाळेपर्यंत ऐकायची. नंतर त्या नुसत्या ‘चौदा नंबर’, ‘पंधरा नंबर’ झाल्या. एकदा मनात आलं, ‘ही तरी नवीन काय सांगणार?’ त्या दिवशी मी दचकले. यादीला हे दिसलंच नसतं.

तिसरा प्रश्न: यादी दोष कुठे शोधते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, कामाशी निगडित गोष्ट, असं म्हटलंय. मास्लाक आणि मायकेल लायटर तर कामाच्याच सहा बाजू तपासायला सांगतात: कामाचा बोजा, निर्णयाचं स्वातंत्र्य, मोबदला, सोबतची माणसं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. फेलोशिप किती महिने अडकलीय, गाईडने शेवटचा चॅप्टर कधी वाचला, अडलं तर विचारायला लॅबमध्ये कुणी आहे का, यातलं एकही यादीत नाही. सगळा रोख तुमच्या झोपेवर आणि डोक्यावर.

आणि आकडे बघून घाबरू नका. २०१८ मध्ये ‘जामा’मध्ये डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या १८२ अभ्यासांचा आढावा आला. त्यात बर्नआउट ठरवण्याचे १४२ वेगवेगळे निकष निघाले आणि प्रमाण ० पासून ८०.५ टक्क्यांपर्यंत पसरलेलं! नैराश्य आणि बर्नआउट यांची सीमा कुठे, यावरही संशोधकांत वाद आहे. तेव्हा अशा यादीवरून स्वतःचं निदान करायचं नाही.

मग सुरुवातीची खूण ओळखायची कशी? दुसऱ्याशी तुलना नको, तीन महिन्यांपूर्वीच्या स्वतःशी करा. कामाचे तास वाढले आणि काम घटलं का? मुख्य काम टाळून किरकोळ कामांत दिवस जातोय का? ज्या प्रश्नासाठी संशोधनात आलात, त्याबद्दल बोलताना टोमणे मारताय का? दोन उत्तरं ‘हो’ असतील तर गाईडशी बोला, नाहीतर विश्वासातल्या सीनियरशी. मी गाईडना सांगितलं तेव्हा त्यांनी एक कॉन्फरन्स रद्द करायला लावली आणि आठवड्याला एकच मुलाखत ऐकायला सांगितली. गाडी रुळावर यायला चार महिने लागले. कामाबाहेरच्या आवडीच्या गोष्टींतूनही मन उडालं असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर थांबू नका. समुपदेशकाकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.

त्या मुलीला मी फक्त एवढंच विचारलं, ‘परीक्षा कधी आहे?’ ‘सोमवारपासून.’ म्हटलं, पेपर संपले की चार दिवस झोप आणि मग परत टिका कर. काल तिचा मेसेज आला: दोन टिका. फॉर्मची शेवटची तारीख विचारत होती.