दाऊद राहाबी : एक कीं अनेक ?

कोंकणांतील बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या कै. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इंग्रजी ग्रंथाची योग्यता मोठी आहे. तो १८९७ सालीं लिहून झाला, आणि ग्रंथकार निवर्तल्यावर पुष्कळ वर्षांनीं, १९३७ सालीं, तेल अवीव येथें छापून निघाला. आपल्या समाजाचे आचार, सण व वृद्धांच्या मुखांतील कथा केहिमकरांनीं वेळींच टिपून ठेविल्या नसत्या, तर त्यांतील बराच भाग आज लुप्त झाला असता. हें ऋण मान्य करूनच त्या ग्रंथांतील एका स्थळाविषयीं आम्ही आपला मतभेद नमूद करीत आहों. तें स्थळ म्हणजे दाऊद राहाबीची कथा.

कथा अशी : दाऊद राहाबी नामक कोणी परदेशस्थ यहुदी कुलाबा (हल्लीं रायगड) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आला. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' त्याच्या दृष्टीस पडले. हे आपलेच बांधव असावे अशा तर्कानें त्यानें त्यांच्या स्त्रियांपुढें नाना प्रकारचे मासे ठेविले. त्यांनीं पर व खवले असलेले तेवढेच घेतले, बाकीचे बाजूस सारले. मग त्याची खातरी पटली. त्यानें तीन पुरुषांस धर्मविधि शिकवून काजी नेमलें. येथवर वाद नाहीं. वाद कालाचा आहे. कोणी ही गोष्ट इ. स. १००० च्या सुमाराची मानतात, कोणी १४०० च्या. केहिमकरही तिला अनेक शतकें मागें नेतात. कित्येकांनीं तर दाऊद म्हणजे प्रख्यात तत्त्ववेत्ता मायमोनिडीस याचा धाकटा भाऊ, असें ठरवून टाकिलें.

आमच्या मतें या सर्व घोटाळ्याचें मूळ एकच : नांव एक म्हणून माणूस एक. आम्हां संस्कृतज्ञांस हा दोष अपरिचित नाहीं. शून्यवादी नागार्जुन आणि रसशास्त्री नागार्जुन यांस एकाच देहांत कोंबण्याचे प्रयत्न थोडे झाले नाहींत. 'दाऊद' या हिब्रू नांवाचा अर्थ 'प्रिय'. यरुशलेमच्या राजाचें हें नांव यहुदी लोक शतकानुशतकें मुलांस देत आले आहेत. वैयाकरण उदाहरण देतांना ज्यास त्यास 'देवदत्त' म्हणतात. तितकेंच तें नांव सर्वसामान्य आहे. अशा नांवावर कालनिर्णय उभारणें धाडसाचें होय.

मायमोनिडीसचा भाऊ दाऊद हा रत्नांचा व्यापारी होता. सुमारें ११७० सालीं त्यानें तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरांतून आपल्या भावास लिहिलेलें पत्र कैरोच्या गेनीझांत सांपडलें व आज केंब्रिजला आहे. आपण हिंदुस्थानास निघालों असें तो त्यांत कळवितो. पुढें तो हिंदी महासागरांत बुडून मेला, हें खुद्द मायमोनिडीसनेंच लिहून ठेविलें आहे. जो समुद्रांत बुडाला त्यानें कोंकणांत शाळा घातली असें म्हणण्यास नामसाम्यापलीकडे आधार काय ? हिब्रू काव्यांत मिसर देशास 'राहाब' म्हणतात, म्हणून राहाबी म्हणजे मिसरचा, असा एक तर्क आहे. परंतु युफ्रेटीस नदीकांठीं रहबा नांवाचें गांवही आहे. आपल्याकडे किहीमचा तो केहिमकर, तद्वत् रहबाचा तो राहाबी. ही व्युत्पत्ति अधिक सरळ दिसते.

राहाबी घराणें प्रत्यक्ष नांदलें तें कोचीनला. सतराव्या शतकांत तें हलबहून तेथें आलें. त्यांतील एक दाऊद १७२६ सालीं वारला. त्याचा पुत्र यहेज्केल (१६९४–१७७१) डच कंपनीचा मोठा व्यापारी होता, आणि यहेज्केलाचा पुत्र पुन्हा दाऊद (१७२१–१७९१). आजोबांचें नांव नातवास ठेवण्याच्या चालीमुळें एकाच घरांत दोन दाऊद झाले. शिवाय मधला पुरुष पितृनामासह 'यहेज्केल दाऊद' असा लिहिला जाई, तो तिसरा !

आतां बाह्य पुरावा पाहावा. १७३८ सालीं मिशनरी सार्टोरियस लिहितो कीं, या लोकांपाशीं बायबल नाहीं, हिब्रूचें ज्ञान नाहीं, केवळ 'शेमा' एवढें त्यांस ठाऊक आहे. १७६८ सालीं हॉलंडांतील तोबियास बोआस यास धाडलेल्या पत्रांत यहेज्केल राहाबीही तेंच सांगतो : मराठ्यांच्या मुलखांत विखुरलेले हे लोक घाणे चालवितात, शब्बाथ पाळतात, शेमाखेरीज कांहीं जाणत नाहींत. आणि १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर मुंबईंत मांडवीस पहिलें सभास्थान बांधतात. हे सामाजी हसाजी म्हणजे हिब्रूंतील शमुवेल व यहेज्केल, हेंही ध्यानांत ठेवावें. शिक्षणाचा प्रभाव दिसूं लागतो तो १७६८ नंतर. तेव्हां कथेंतील गुरु कोचीनच्या घराण्यांतील, बहुधा नातू दाऊद, असावा. हें अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. प्राचीन राहाबीची विद्या मध्यंतरीं विसरली गेली असेल, असा आक्षेप घेतां येईल. पण जी विद्या समूळ विसरली गेली तिच्या अस्तित्वास पुरावा तरी कोणता उरतो ?

राहाबीस अलीकडे ओढल्यानें आपल्या समाजाचें प्राचीनत्व उणें होतें असें कित्येकांस वाटतें. आम्हांस उलट वाटतें. गुरु हजार वर्षांपूर्वीं आला असेल, तर पुढील आचाररक्षणाचें श्रेय बव्हंशीं त्याचें. तो अठराव्या शतकांत आला असेल, तर त्यापूर्वींचीं सर्व शतकें ग्रंथावांचून, पुरोहितावांचून, एका वाक्याच्या व एका वाराच्या आधारावर या तेल्यांनीं आपला धर्म राखिला. केहिमकरांच्या पूर्वजांचें हें श्रेय केहिमकरांच्याच कालगणनेनें हिरावून घेतलें आहे.

हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या मित्रांस यांतून एवढेंच सांगावयाचें. 'ओहेल दाऊद' म्हणजे 'दाऊदाचा तंबू'. पुण्याच्या लष्करांतील १८६७ चें लाल देऊळ या नांवाचें; तें बांधविणारे डेव्हिड ससून त्याच आवारांत चिरनिद्रा घेत आहेत. त्यांचे नातू डेव्हिड सॉलोमन ससून यांनीं आपल्या हस्तलिखितांची १९३२ सालीं छापलेली सूचीही त्याच नांवाची. तेथें राजा, आजोबा कीं नातू, हें नांवावरून कसें कळावें ? म्हणून एखाद्या जुन्या कागदावर 'दाऊद', 'दावीद' वा 'डेव्हिड' आढळल्यास वेष्टनावर लगेच 'राहाबी' लिहूं नये. पित्याचें नांव, गांव व मिति, हीं तीन आधीं टिपावीं. मग मनुष्य ओळखावा. नांव हा शोधाचा आरंभ आहे, शेवट नव्हे.