न वाचताच रुसलो होतो

डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ सालचा ग्रंथ मी कित्येक वर्षे हाती धरला नाही. पांडुरंग मुळात गवळी-धनगरांचा देव, असे त्यात प्रतिपादन आहे, एवढे ऐकूनच मन बिथरले होते. कीर्तनसेवा थांबल्यावर तो सावकाश वाचला. संदर्भांची दाटी फार, वाचणारा दमतो. सगळेच तर्क मला पटले नाहीत. पण गुरांमागे हिंडणाऱ्यांचा देव अवघ्यांचा कसा झाला, हे वाचताना विटेवरचे रूप उणे झाले नाही. अधिकच जवळचे वाटले. श्रद्धेला पुराव्याचे भय कशाला? माउली, दर एकादशीला पाच पाने तरी वाचा. मग भांडायचे तर भांडा, पण वाचून भांडा.