लीलावतीतला भुंगा

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ची (इ. स. ११५०) उदाहरणे रसाळ आहेत, असे सगळेच म्हणतात. पण हा रस गणिताच्या पोटातला की वरून ओतलेला? कादंबरीतले एखादे पात्र काढून टाकले आणि कथानक जसेच्या तसे उभे राहिले, तर ते पात्र उपरे, असे मी मानतो. हीच कसोटी इथे लावून पाहू.

भुंग्यांचे कोडे घ्या. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर. या दोन हिश्शांत जो फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्यावर. उरला एक. तो बिचारा केतकी आणि मालती यांच्या सुगंधात सापडून अधांतरी घिरट्या घालतो आहे. तर एकूण भुंगे किती? तीन, पाच, सहा आणि हा एक, मिळून १५. हा शेवटचा भुंगा केवळ शृंगारासाठी आणला, असे वाटते ना? मग तो एकटाच उरला हे सांगूच नका. भुंगे ३० म्हणा, ४५ म्हणा, सगळेच चालते! त्या एकाच्या द्विधा मनावर सारा हिशेब तोललेला आहे.

अर्जुनाच्या शंभर बाणांचे उदाहरण मात्र मला तितकेसे रुचत नाही. निम्म्या बाणांनी कर्णाचे बाण अडवले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे आवरले... भर रणात वर्गमूळ काढणारा धनुर्धर पाहून वर्गातली पोरे हसतात, आणि मीही त्यांना दटावीत नाही. कर्णाच्या जागी भाजीवाला आणला तरी उत्तर शंभरच!

दुसरा कर्ण मात्र खरा कामाचा. नऊ हात उंच खांबावर मोर, बुंध्याशी सापाचे बीळ, साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे धावतो आहे. दोघांची चाल सारखी. मोर झेपावतो तो साप आहे तिथे नव्हे, असेल तिथे. बिळापासून बारा हातांवर. आडवे बारा, उभे नऊ, म्हणून मोराची तिरपी झेप पंधरा हात. सापही तेवढाच धावलेला. सापाची घाई आणि मोराचा धोरणीपणा यांतला एक जरी काढला, तरी त्रिकोणच मोडतो. आमच्या क्रमिक पुस्तकांतल्या हौदाची गळकी तोटी मात्र वर्षानुवर्षे कोणी बंद करीत नाही!

आता फराळाला बसलेल्या मंडळींसाठी एक. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात आहे. वाऱ्याने ती कलत कलत दोन हातांवर बुडाली. देठ तुटला नाही, वाढलाही नाही. पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. ते कसे, हे वडीलधाऱ्यांनी मुलांना समजावून सांगावे.