अतिथी, मानधन, तासिका : एका परिभाषेची चिकित्सा

भाषेच्या अभ्यासकाने शासकीय परिपत्रकांच्या वाटेस जावे, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या विद्यापीठात आपण शब्दार्थाची चिकित्सा शिकवितो, त्याच विद्यापीठातील अध्यापकांच्या एका मोठ्या वर्गाचा योगक्षेम मोजक्या चार शब्दांवर अवलंबून असेल, तर त्या शब्दांचा विचार आपल्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही. ‘अतिथी’, ‘मानधन’, ‘तासिका’ आणि ‘खंड’ हे ते शब्द होत. सार्वजनिक विद्यापीठांतील अस्थायी अध्यापनाचे वर्णन या शब्दांनी होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांनी वर्णन होत नसून वस्तुस्थिती झाकली जाते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

प्रथम ‘अतिथी’ हा शब्द घेऊ. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथीचा संबंध त्याच्या अनित्य वास्तव्याशी जोडलेला आहे. तर ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही व्युत्पत्ती लोकांत अधिक रूढ आहे. ‘अतिथी अध्यापक’ या प्रयोगात ही दुसरी व्युत्पत्ती पार उलटते, कारण या अतिथीच्या येण्याची आणि जाण्याचीही तिथी आदेशात छापलेली असते. शिल्लक राहते ती केवळ अनित्यता. स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय असलेला एखादा तज्ज्ञ चार व्याख्यानांपुरता विभागात आला, तर त्यास अतिथी म्हणणे यथार्थ ठरेल. परंतु जो वर्षानुवर्षे एकाच विभागात तोच अभ्यासक्रम शिकवितो, प्रश्नपत्रिका काढतो व उत्तरपत्रिका तपासतो, त्यास अतिथी म्हणणे म्हणजे घरात राबणाऱ्या माणसास पाहुणा म्हणण्यासारखे आहे. पाहुण्यास मान असतो, हक्क नसतो. येथे या शब्दाचा उपयोग हक्क नाकारण्यापुरताच झालेला दिसतो. मानाचा भाग मागे पडला आहे.

‘मानधन’ या शब्दाची गतीही निराळी नाही. कामाचा मोबदला ते वेतन. आदरपूर्वक दिलेली रक्कम ते मानधन. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 च्या जानेवारीत अतिथी अध्यापकांसाठी दर व्याख्यानास 1500 रुपये आणि महिन्यास अधिकाधिक 50,000 रुपये असे मानधन ठरविले. हा हिशेब पुढे नेला, तर 33 व्याख्यानांनंतर ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. आयोगाच्याच 2018 च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्यास 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. म्हणजे चार आठवड्यांत 64 तास. अर्थात नियमित अध्यापकाच्या निम्म्या कार्यभारापाशी अतिथीचे मानधन थांबते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नव्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच 57,700 रुपये आहे, आणि त्यावर भत्ते निराळे. त्याच 2018 च्या विनियमांत कंत्राटी अध्यापकाचे ठोक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी असू नये, असेही म्हटले आहे. मग एकाच कामास एक नाव दिले असता पूर्ण वेतन आणि दुसरे नाव दिले असता मर्यादित मानधन, असा प्रकार संभवतो. संज्ञेच्या निवडीस आर्थिक फळ कसे येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

महाराष्ट्रात ‘तासिका तत्त्व’ हा शब्दप्रयोग अधिक परिचित आहे. बोलण्यात ‘सीएचबीवर आहे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तासिका मोजता येते, हा तिचा प्रशासकीय गुण होय. परंतु अध्यापनातील जे सर्वांत मोलाचे, ते तासिकेच्या बाहेर घडते : पाठाची सिद्धता, ग्रंथालयातील शोध, निबंधावरील शेरे, तास संपल्यावर दारात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याची शंका. ज्या व्यवस्थेत केवळ तासिकेची गणना होते, तीत या साऱ्यांचे मूल्य शून्य ठरते. आणि सुट्ट्यांच्या काळात तर अध्यापकाचे अस्तित्वच हिशेबातून नाहीसे होते.

‘खंड’ हा शब्द या मालिकेतील शेवटचा. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तदर्थ नियुक्ती चार महिन्यांची असे. ती संपली की एक दिवसाचा खंड पाडून पुन्हा नवा आदेश दिला जाई. अशा रीतीने अनेकांनी दहा-दहा वर्षे काढली. 2019 च्या डिसेंबरात तेथे मोठे आंदोलन झाले. पुढे 2022 पासून नियमित पदांच्या मुलाखती सुरू झाल्या, तेव्हा दीर्घकाळ शिकविणाऱ्या कित्येकांस बाहेर पडावे लागले. तो एक दिवसाचा खंड सेवेच्या अखंडतेचा दावा टाळण्यासाठी होता. शिकविण्यात मात्र खंड कधीच पडला नव्हता.

यावर प्रशासनाची बाजू अशी मांडली जाते की, पदांना मान्यता नसता अगर विद्यार्थिसंख्या अनिश्चित असता वर्ग रिकामे ठेवता येत नाहीत. हे खरे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अस्थायी अध्यापकांस सरसकट कायम केले, तर खुल्या स्पर्धेची वाट पाहणाऱ्या इतर पात्र उमेदवारांवर अन्याय होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2006 साली उमादेवी प्रकरणात हीच भूमिका घेतली आणि समान संधीच्या तत्त्वास अग्रस्थान दिले. हे तत्त्व प्रस्तुत लेखकास मान्य आहे. परंतु खुली निवड वेळेवर करणे हे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न त्याच्याच पाठोपाठ येतो. जाहिरात काढावयाची नाही, आणि मग खुल्या निवडीने आला नाहीस म्हणून अध्यापकास दोष द्यावयाचा, यात त्या तत्त्वाचा आदर नसून केवळ उपयोग आहे. शिवाय कायमपणाचा प्रश्न निराळा आणि समान कामास समान वेतनाचा निराळा. न्यायालयानेच 2016 साली जगजीत सिंग प्रकरणात अस्थायी कर्मचाऱ्यांबाबत हे दुसरे तत्त्व मान्य केले. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी देण्याचा निर्णय दिला.

अपवाद हा नियम कसा होतो, हेही येथे नोंदविले पाहिजे. 2018 च्या विनियमांत कंत्राटी नियुक्त्या अगदी आवश्यक असतील तेव्हाच, आणि एकूण पदांच्या 10 टक्क्यांच्या आत कराव्यात, असे बंधन होते. आयोगाने 2025 च्या जानेवारीत जो नवा मसुदा प्रसृत केला, त्यात ही मर्यादा आढळत नाही. मर्यादेचे उल्लंघन होत असेल तर ते रोखावे, की मर्यादाच पुसावी, हा यातील खरा वाद आहे.

संशोधन-पत्रिकेच्या वाचकांस या विषयाची एक बाजू विशेष जवळची आहे. आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पीएच.डी.चे मार्गदर्शक होण्यास अध्यापक कायम सेवेत असावा लागतो. तेव्हा ज्या विभागात कायम अध्यापक एक-दोनच उरतात, तेथे संशोधनाची दारे विद्यार्थ्यांसाठीही आपोआप अरुंद होतात. जी हस्तलिखिते वाचावयास, जी बोली नोंदवावयास दहा वर्षे लागतात, त्यांचा संकल्प अकरा महिन्यांच्या आदेशावर कोणी सोडावा? पुढील जूनमध्ये आपण येथे असू की नाही, हे ज्यास ठाऊक नाही, तो अप्रिय निष्कर्ष मांडताना अथवा विभागातील ज्येष्ठांशी मतभेद व्यक्त करताना दोनदा विचार करील. यात त्याचा भेकडपणा नाही. व्यवस्थेने त्यास दिलेले ते शिक्षण आहे.

या लेखाचे वाचक बहुतांशी पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, आणि त्यांपैकी कित्येक उद्या याच शब्दांखाली सही करणार आहेत. त्यांनी सही करण्यापूर्वी आदेश भाषेचा अभ्यासक म्हणून एकदा वाचावा. आणि जे कायम आहेत, त्यांनी निदान आपल्या विभागाच्या कागदपत्रांत या सहकाऱ्यांचा उल्लेख ‘अध्यापक’ असा करण्यास प्रारंभ करावा. नाव बदलल्याने वेतन बदलत नाही, हे मान्य. परंतु चुकीच्या नावामुळे ते घटते, हे आपण पाहिलेच आहे.