मोर्सचे ‘लूव्रमधील चित्रदालन’ : नोंद की अनुवाद?

सॅम्युएल मोर्स हे नाव तारायंत्राच्या संकेतलिपीमुळे सर्वपरिचित आहे. तो आधी चित्रकार होता, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. पॅरिस येथे १८३१ साली आरंभिलेले आणि १८३३ मध्ये न्यूयॉर्क येथे पूर्ण केलेले त्याचे ‘लूव्रमधील चित्रदालन’ हे तैलचित्र सुमारे सहा फूट उंच व नऊ फूट रुंद आहे. लिओनार्दोची ‘मोनालिसा’, तसेच वेरोनेझे, तिशियन, राफाएल, रेम्ब्राँ इत्यादींची मिळून ३८ चित्रे त्यात लघुरूपाने आली आहेत.

हे दालनाचे यथातथ्य चित्रण असावे, असा प्रथमदर्शनी समज होतो. तो खरा नाही. त्या काळी ही चित्रे त्या दालनात अशी एकत्र टांगलेली नव्हती. मोर्सने ती लूव्रच्या संग्रहातून वेचली व स्वतःच्या मताने मांडली. मध्यभागी नक्कल करीत बसलेल्या तरुणीला तो स्वतःच मार्गदर्शन करीत आहे. ज्या देशबांधवांना यूरोप पाहणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी केलेला हा अनुवादच होय.

तेव्हा त्याची परीक्षाही अनुवाद म्हणूनच झाली पाहिजे. निवड साक्षेपी आहे. परंतु अडतीसही चित्रांना एकाच कुंचल्याचे वळण लागले आहे. अनेक कवी एकाच अनुवादकाच्या शैलीत बोलू लागावेत, तसे येथे झाले आहे. तिशियन व रेम्ब्राँ विषयावरून ओळखू येतात, हाताळणीवरून तितकेसे नाहीत. न्यूयॉर्कमधील प्रदर्शनाला प्रतिसाद बेताचाच मिळाला आणि १८३४ मध्ये चित्र चौकटीसह १,३०० डॉलरांस विकले गेले.

तथापि नक्कल दुय्यम असली तरी निरुपयोगी नसते. अजिंठ्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. रॉबर्ट गिल याने केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडन येथे जळाल्या. ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकी अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या प्रतिकृती मात्र मूळ चित्रांतील आता झिजून गेलेल्या भागांची साक्ष देतात.

इचलकरंजीलगतच्या कबनूरमधील विद्यार्थ्याला लूव्र आजही बहुधा छापील पानावर किंवा पडद्यावरच भेटते. त्याने प्रतिकृतीचा अनादर करू नये; मात्र ती कोणाच्या निवडीने आणि कोणाच्या हातून आली, हे अवश्य विचारावे. मोर्सचे चित्र हा प्रश्न विचारावयास शिकविते, आणि त्यातच त्याचे टिकाऊ महत्त्व आहे.