बसू नका, खुर्ची आहे

परवा एका संग्राहकाच्या दिवाणखान्यात फर्निचर-रचनाकार मार्सेल ब्रॉयरची पोलादी नळीची, हातांची खुर्ची पाहिली. बी ६४, जुनी. नळी आरशासारखी लखलखीत, वेत कोरा, लाकडी हातांवर पॉलिशचे थर. मी टेकणार तोच यजमान धावले, "अहो, तिथे नका बसू!" मग मला स्टुलावर बसवून त्यांनी तासभर खुर्चीचं माहात्म्य सांगितलं.

चीड आली ती त्या लखलखाटाची. विसाच्या दशकातल्या नळ्यांवर पुष्कळदा निकेल असे. त्याची झाक किंचित पिवळसर, मऊ. त्यावर निळसर क्रोम चढवायचं आणि त्याला 'जीर्णोद्धार' म्हणायचं! नळी सोसेल एक वेळ. लाकडाचं काय?

ब्रॉयरची खरी अक्कल मला नळी वाकवण्यात दिसत नाही. तेव्हा नळ्या अनेकजण वाकवत होते. मागचे पाय नसलेली खुर्ची वास्तुविशारद मार्ट स्टामने आधीच केली होती. पण 1928 च्या बी ३२ मध्ये (बी ६४ ही तिचीच हातांची बहीण) ब्रॉयरने ओळखलं की गार पोलाद अंगाला लागता कामा नये. त्याच्याच 1925 च्या खुर्चीत ते काम ताणलेल्या कापडाने केलं होतं. इथे बीचच्या लाकडाची चौकट आणि वेत आले. भार पेलायचा पोलादाने, माणसाला भेटायचं लाकडाने. त्यामुळे पन्नास वर्षांच्या कोपरांनी काळवंडलेला, कडा गोल झालेला हात म्हणजे ती कल्पना लागू पडल्याचा पुरावा. आपले हौशी लोक तो पॉलिशपेपरने घासून टाकतात.

क्रोम आणि काळं चामडं जमवणाऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्यांना दवाखान्याची वेटिंग रूम हवी असते.

चंडीगढ वसवताना तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या खुर्च्यांची गंमत निराळी. सागवान आणि वेत, नळी कमीच. कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या, आणि पाठीवर रंगाने लिहिलेला खात्याचा नंबर आज किंमत वाढवतो. म्हणजे कारकुनाचा नंबर हवा, कारकुनाचं कोपर नको! असल्या रसिकतेला मी हिशेबनीसपणा म्हणतो.

इंदूरचा माणिक बाग तर आपल्या घरचा. महाराज यशवंतराव होळकर आणि वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस, दोघेही तिशीच्या आतले. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी तो राजवाडा सजवला. रचनाकार आयलीन ग्रेची लाकूड आणि धातूच्या सांध्यांची ट्रान्सॅट खुर्ची तिथे होती, ती रेलण्यासाठी, झोपाळू दुपारींसाठी. 1980 मध्ये मोनॅकोत लिलाव झाला आणि सामान पांगलं. 2019 मध्ये पॅरिसमध्ये त्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा आमच्याकडे 'आपला ठेवा परत आणा' असे उमाळे आले. आणून काय करणार? काचेत ठेवणार, क्रोम करणार, बसायला येणाऱ्यावर ओरडणार. राजवाड्यात आता कराची कचेरी आहे; तिथे निदान कोणी तरी रोज खुर्चीत बसतं.

संग्रहाला माझा विरोध नाही. ज्याला झीज सोसत नाही त्याने टपालाची तिकिटं जमवावीत. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या कचेरीतली नळीची, लाकडी हातांची खुर्ची असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि क्रोमवाल्याला तर मुळीच देऊ नका. वेत फाटला असेल तर वेत विणणाऱ्याला बोलवा. मग बसा.